गोल युकुलेली : तिची पारख व निवड

भाजी घेतांना आपण ती उलटसुलट करून पाहतों, मडकें घेतांना तें बोटानें वाजवून पाहतों. परंतु ज्या वस्तूचें सारें मोल तिच्या आवाजांत आहे तें वाद्य मात्र आपण कित्येकदां केवळ रंग पाहून विकत घेतों. ह्या घाईची किंमत पुढें कोणास द्यावी लागते हें ध्यानांत यावें म्हणून एक लहानशी हकीकत प्रथम निवेदन करतों.

दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वडिलांनीं वाढदिवसानिमित्त आणून दिलेली एक तांबडी युकुलेली घेऊन माझ्याकडे शिकावयास येत असे. वाद्य दिसावयास मोठें सुरेख होतें. मीं तारा जुळवून द्याव्या, त्यानें दोन ओळी वाजवाव्या, आणि तेवढ्यांत तारा पुन्हां उतराव्या, असा क्रम महिनाभर चालला. मोकळ्या तारा जुळल्या तर पडद्यांवरील स्वर चुकत. पडद्यांवरील स्वर साधावे तर मोकळ्या तारा बिघडत. शेवटीं एके दिवशीं वाद्य पिशवींत घालीत तो मुलगा म्हणाला, "सर, मला सुरांचा कानच नाहीं." त्याच्या वडिलांचेंहि तेंच मत झालें होतें. मीं माझी जुनी युकुलेली त्याच्या हातीं दिली. तीच बोटें, तोच पाठ; पण ह्या वेळीं गाणें सुरांत वाजलें. दोष कानाचा नव्हता, वाद्याचा होता.

वाद्य वाईट निघालें म्हणजे पैसे वायां जातात, हें नुकसान लहान. मुलाचा स्वतःवरील विश्वास वायां जातो, हें नुकसान मोठें. म्हणून थोडक्या पैशांत, पण डोळसपणें, वाद्य कसें निवडावें हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि समजून घेणें अगत्याचें आहे. त्यासाठीं युकुलेलीचा एक विशेष प्रकार आपण अभ्यासास घेऊं : छावणींत नेण्यासाठीं म्हणून निघालेली, गोल पोटाची 'कॅम्प' पद्धतीची युकुलेली.

वाद्याची जन्मकथा

युकुलेली हवाई बेटांची म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. तथापि तिचें मूळ पोर्तुगालच्या ताब्यांतील मादैरा बेटांत आहे. ऑगस्ट १८७९ मध्यें 'रेव्हन्सक्रॅग' नांवाचें जहाज मादैरांतील मजुरांस घेऊन होनोलूलू बंदरास लागलें. हे लोक उंसाच्या मळ्यांत काम करण्याच्या करारावर आले होते. त्यांतच मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास व जुझे दु एस्पिरितु सांतु हे तिघे लांकूडकाम जाणणारे कारागीर होते. मादैरांत 'माशेत' नांवाचें एक लहान तंतुवाद्य वाजवीत असत. त्याच्याच धर्तीवर, पण हवाईंतील कोआ नांवाच्या झाडाचें लांकूड वापरून, ह्या कारागिरांनीं वाद्यें घडविण्यास आरंभ केला. हवाईचा राजा कालाकाउआ ह्यानें त्या वाद्यास आश्रय दिला आणि परक्यांचें वाद्य पाहतां पाहतां बेटांचें होऊन गेलें. 'युकुलेली' ह्या नांवाचा अर्थ बहुधा 'उड्या मारणारी पिसू' असा सांगतात. वाजविणाऱ्याचीं बोटें तारांवरून कशीं नाचतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास ह्या नांवाचें नवल वाटणार नाहीं.

१९१५ सालीं पनामा कालवा पूर्ण झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ सॅन फ्रॅन्सिस्को येथें एक मोठें प्रदर्शन भरलें. तेथील हवाईच्या मंडपांत हें वाद्य हजारों लोकांनीं ऐकलें आणि अमेरिकेंत त्याची लाट उसळली. मुख्य भूमीवरील कारखाने युकुलेल्या बनवूं लागले. शिकागो येथील 'लायन अँड हीली' हा त्यांतीलच एक जुना कारखाना. त्यानें १९२० नंतरच्या दशकांत गोल पोटाची एक आटोपशीर युकुलेली काढली व तिला 'कॅम्प-युक' असें नांव दिलें. उन्हाळ्याच्या सुटींत मुलांनीं रानांत अथवा सरोवराच्या कांठीं राहुट्यांत राहावें, दिवसा पोहावें, भटकावें व रात्रीं शेकोटीभोंवतीं गाणीं म्हणावीं, अशी चाल अमेरिकेंत त्या काळीं चांगली रूढ झाली होती. अशा ठिकाणीं नेण्याजोगें वाद्य लहान, हलकें व दणकट हवें. छावणीचें नांव ह्या वाद्यास मिळालें तें त्यामुळेंच. त्या वेळच्या अस्सल कॅम्प-युक आज जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे असतात. परंतु त्या धर्तीच्या नव्या गोल युकुलेल्या अजूनहि बनतात.

गोल आकाराचें मर्म

नेहमींच्या युकुलेलीस गिटारप्रमाणें मध्यें कमर असते. गोल युकुलेलीस ती नसते. तिच्या पोटाची कड म्हणजे वाफेनें वांकविलेली लांकडाची एक पातळ पट्टी; चाळणीचें अथवा शाहिराच्या डफाचें कडें असतें तशी. दोन वेळां उलटसुलट वांकवावयाच्या कडेपेक्षां एकच सरळ गोलाई साधणें कारागिरास सोपें जातें, आणि ठोकर बसली असतां गोल कडें ती चांगली सोसतें.

येथें एका घोटाळ्यापासून ग्राहकानें सावध असावें. गोल दिसणारें दुसरेंहि एक वाद्य बाजारांत असतें; त्यास बँजो-युकुलेली म्हणतात. तिच्या तोंडावर डफासारखें कातडें किंवा त्याऐवजीं प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो. कॅम्प-युकुलेलीच्या तोंडावर लांकडाची फळी असते. बँजो-युकुलेलीचा आवाज कडक व खणखणीत. कॅम्प-युकुलेलीचा त्यामानानें गोड व घरगुती. कातड्याचें तोंड पावसाळ्यांत सैल पडतें व पुन्हां पुन्हां ताणावें लागतें. म्हणून केवळ 'गोल द्या' असें न म्हणतां 'लांकडी तोंडाची गोल द्या' असें सांगावें.

आतां गोलाईमुळें आवाज अधिक चांगला होतो काय, असा प्रश्न सहजच निघेल. ह्याचें प्रामाणिक उत्तर असें कीं, आकारापेक्षां वरची फळी अधिक महत्त्वाची आहे. तार स्वतः फारच थोडी हवा हलविते. तिचें कंपन घोडीमार्फत फळीस पोहोंचतें, फळी हवेस हलविते आणि तो आवाज आपण ऐकतों. फळी नको तितकी जाड असली तर पोट गोल असो वा कमरेचें असो, आवाज बसकाच निघणार. गोल पोट बहुधा लहान असल्यामुळें त्याचा आवाज चटकन् उठतो, स्पष्ट असतो आणि लवकर विरतो. खर्जाचें गांभीर्य त्यांत नसतें. शेकोटीभोंवतीं गाण्यास साथ देण्यासाठीं हा गुण आहे. संथ आलापीसाठीं उणीव आहे.

गोलाईची एक अडचणहि आहे. कमर नसल्यामुळें हें वाद्य मांडीवर ठेवल्यास घरंगळतें. तें छातीशीं धरून उजव्या हाताच्या कोंपराजवळील भागानें हलकेंच दाबून धरावें लागतें. लहान मुलांसाठीं गळ्यांत अडकविण्याचा पट्टा घेतल्यास डावा हात मोकळा राहतो व बोटें नीट पडतात.

कमर हा युकुलेलीचा आत्मा नव्हे, हें दुसऱ्या दोन उदाहरणांवरूनहि दिसतें. होनोलूलूचे कारागीर सॅम्युएल कामाका ह्यांनीं अननसाच्या आकाराची बिनकमरेची युकुलेली प्रचारांत आणली व १९२८ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें कॅनडांतील हॅलिफॅक्स शहराच्या शाळांत जे. चाल्मर्स डोन ह्यांनीं १९६७ पासून युकुलेलीच्या द्वारें हजारों मुलांस संगीताचे धडे दिले, आणि शाळेसाठीं चक्क त्रिकोणी पोटाची युकुलेली तयार करविली. आकार कोणताहि असो. स्वर खरे निघाले पाहिजेत, हाच मुख्य मुद्दा.

तारांचे स्वर

दुकानांत जाण्यापूर्वीं तारांचे स्वर माहीत असावे. पेटीची पांढरी एक हा षड्ज धरल्यास युकुलेलीच्या तारा वाजविणाऱ्याच्या हनुवटीकडून गुडघ्याकडे अनुक्रमें प, सा, ग, ध अशा लागतात. गंमत अशी कीं, हे चारहि स्वर एकाच सप्तकांतील आहेत. सर्वांत वरची तार खर्जाची असेल असें वाटतें, पण ती पंचमाची असते. युकुलेलीचा खेळकरपणा बराचसा ह्या रचनेंतच आहे. सेकंदास होणारीं कंपनें मोजलीं तर सा सुमारें २६२, ग ३३०, प ३९२ व ध ४४० असा हिशोब पडतो. गोल कॅम्प-युकुलेली बहुधा सर्वांत लहान, म्हणजे सोप्रानो, मापाची असते. तिच्या तारेची वाजणारी लांबी सुमारें साडेतेरा इंच, म्हणजे ३४ सेंटिमीटर असते. ज्यांचीं बोटें जाड आहेत अशा मोठ्या मुलांनीं व पालकांनीं पंधरा इंचांची कॉन्सर्ट मापाची युकुलेलीहि हातांत धरून पाहावी.

पांच कसोट्या

पहिली कसोटी पडद्यांच्या गणिताची. दुकानांत जातांना खिशांत फूटपट्टी ठेवावी. तार जेथून सुटते त्या गळ्याच्या टोंकावरील खांचपट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचें अंतर मोजावें. मग बाराव्या पडद्यापासून घोडीवरील तारेच्या टेकूपर्यंतचें अंतर मोजावें. दोन्ही अंतरें जवळजवळ सारखीं असलीं पाहिजेत. दुसरें एक-दोन मिलिमीटर अधिक असणें योग्य, कारण तार दाबतांना किंचित् ताणली जाते व तिचा स्वर चढतो. नंतर कानाची परीक्षा घ्यावी. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेस बोट नुसतें टेकवून तार छेडावी व बोट लगेच उचलावें. वरच्या सप्तकांतील एक स्वच्छ स्वर ऐकूं येईल. मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून छेडावी. दोन्ही स्वर एकच वाटले पाहिजेत. येथें जें वाद्य चुकतें तें पुढें कितीहि खुंट्या पिळल्या तरी सुधारत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या तांबड्या युकुलेलीची घोडीच चुकीच्या जागीं डकविलेली होती.

दुसरी कसोटी तारांच्या उंचीची. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्यें दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर किती फट उरते तें पाहावें. एक-दोन कागद सरकतील इतकीच फट असावी. ती मोठी असल्यास खांचा उथळ राहिल्या आहेत असें समजावें. मग पहिल्या पडद्यावर बोटें दुखतात व स्वर चढा निघतो. बाराव्या पडद्यावर तार सुमारें तीन मिलिमीटरांपेक्षां फार उंच नसावी. सुदैवानें हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. चांगला दुकानदार खांचा किंचित् खोल करून देतो. तसें करून देण्याची अट घालूनच पैसे द्यावे.

तिसरी कसोटी खुंट्यांची. जुन्या पद्धतीच्या खुंट्या केवळ घर्षणानें जागीं राहतात. त्या दिसावयास सुबक असतात, पण स्वल्प फिरविल्यानें स्वर फार बदलतो व लहान मुलांस तें साधत नाहीं. दांत्यांच्या चाकाच्या खुंट्या किंचित् जड असल्या तरी नवशिक्यास त्याच बऱ्या. प्रत्येक खुंटी फिरवून पाहावी. ती अडखळतां कामा नये व सैलहि असतां कामा नये.

चौथी कसोटी गळ्याची व सांध्यांची. सुतार रंधा मारलेली फळी एका टोंकाकडून डोळा लावून पाहतो, त्याप्रमाणें गळ्याच्या टोंकाकडून पोटाकडे पाहावें. गळा पिळलेला किंवा धनुष्यासारखा वांकलेला दिसल्यास तें वाद्य खालीं ठेवावें. गोल पोटास गळा जोडतांना कारागिरास गळ्याचें टोंक गोलाईशीं जुळतें कोरावें लागतें. तेथें फट नाहीं ना, हें विशेष पाहावें, कारण तारांचा सारा ताण ह्याच सांध्यावर येतो. घोडीच्या मागील कडेखालीं कागदाचें टोंक सरकवून पाहावें. तें आंत गेलें तर घोडी उचलूं लागली आहे. पडद्यांच्या दोन्ही टोंकांवरून बोट फिरवावें. तें खरचटतां कामा नये.

पांचवी कसोटी लांकडाची. अखंड लांकडाच्या फळीचा आवाज अधिक खुलतो, हें खरें. परंतु स्वस्त वाद्यांत आणि छावणीच्या कामांत थरांच्या लांकडाचें, म्हणजे प्लायवूडचें, पोट अधिक शहाणपणाचें. ऊन, दंव व पावसाळी हवा ह्यांनीं अखंड पातळ फळी फुगते, आकसते, प्रसंगीं तडकते. थरांचें लांकूड त्यामानानें स्थिर राहतें. दुकानदारानें लांकडाचें कितीहि मोठें नांव घेतलें तरी पहिल्या दोन कसोट्या उतरल्यावांचून त्या नांवास मोल देऊं नये.

ह्या पांच परीक्षांनंतर एक पाठ वाजवून पाहावा. शेवटच्या, म्हणजे धैवताच्या, तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एकच बोट ठेवून चारहि तारा छेडाव्या. प, सा, ग व तार षड्ज असा गोड मेळ निघतो. मग तें बोट उचलून सर्वांत वरच्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आणि गांधाराच्या तारेच्या पहिल्या पडद्यावर एकेक बोट ठेवावें. ध, सा, म, ध असा दुसरा मेळ निघतो. एक मेळ गोड व दुसरा आंबट लागत असेल तर तारा पुन्हां एकदां जुळवून पाहाव्या. तरीहि तसेंच राहिल्यास वाद्य परत करावें. शेवटीं प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. कोठें झणझण होते काय, तें कळेल.

खर्चाचा विचार

पालक विचारतील, किती खर्च करावा? आजच्या भावानें दोन-तीन हजार रुपयांत शिकण्यास योग्य अशी साध्या आकाराची युकुलेली मिळूं शकते. गोल पोटाची त्यामानानें कमी दुकानांत असते, म्हणून तेवढ्याच प्रतीच्या वाद्यास कांहीं अधिक पैसे पडूं शकतात. तो अधिक पैसा आकारासाठीं आहे, स्वरासाठीं नव्हे, हें मनांत पक्कें असावें. हातांत मोजकेच पैसे असतील आणि समोर एक बेसूर गोल युकुलेली व एक सुरेल साधी युकुलेली असेल, तर साधी घ्यावी. गोलाई डोळ्यांस एक आठवडा सुख देते. सूर कानांस वर्षानुवर्षें देतो.

ठरविलेल्या रकमेंतील थोडा भाग एका चांगल्या तारांच्या जुडीसाठीं राखून ठेवावा. स्वस्त वाद्यावरील मूळच्या तारा पुष्कळदां हलक्या प्रतीच्या असतात आणि त्या बदलल्या कीं तेंच वाद्य निराळें वाटूं लागतें. स्वर जुळविण्याचें यंत्र मात्र मुद्दाम घेण्याची गरज नाहीं. तें काम मोबाईल फोनवर होतें. चित्रें, मण्यांची कड व चकाकणारा रंग ह्यांसाठीं एक पैसाहि अधिक देऊं नये.

घरीं आणल्यावर

नवीन नायलॉनच्या तारा पहिले कांहीं दिवस ताणल्या जातात व वारंवार उतरतात. हा दोष नव्हे. रोज दोन-चार वेळां जुळविल्यास आठवड्याभरांत त्या स्थिर होतात. त्यानंतरहि उतरत राहिल्या तर मात्र खुंट्या पाहाव्या. ह्या वाद्यावर पोलादी तारा कधींहि चढवूं नयेत. त्यांचा ताण फार मोठा असतो. त्यानें घोडी उखडते व पोट फुगतें. वाद्य उन्हांत, चुलीजवळ किंवा बंद मोटारींत ठेवूं नये. छावणीस नेल्यास शेकोटीपासून हातभर नव्हे, चांगलें चार हात दूर बसून वाजवावें, आणि रात्रीं दंवांत न ठेवतां पिशवींत घालून राहुटींत न्यावें.

विद्यार्थी मित्रांनो, वर सांगितलेल्या परीक्षेस अर्धा तास पुरतो. फूटपट्टी, कागदाचा एक कपटा आणि आपला कान ह्यांखेरीज तीस कांहीं लागत नाहीं. दुकानदार थोडा कंटाळेल, कंटाळूं द्यावा. आणि पालकांस एक विनंती : मूल बेसूर वाजवूं लागलें तर त्याच्या कानास बोल लावण्यापूर्वीं एकदां वाद्याची परीक्षा घ्यावी. त्या तांबड्या युकुलेलीचा मालक पुढें गोल पोटाची एक साधीच, पण सुरेल युकुलेली घेऊन आला. ती निवडतांना फूटपट्टी त्याच्याच हातांत होती, आणि दोन वाद्यें परत ठेवावयास त्यानेंच लाविलीं. "कानच नाहीं" म्हणून ज्यानें वाद्य पिशवींत घातलें होतें, त्याच्याच कानानें तिसऱ्या वाद्याची निवड केली.

स्वाध्याय

१. जुने कारागीर उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बसवीत. तारेची लांबी ३४० मिलिमीटर धरून ह्या रीतीनें बारा पडद्यांच्या जागा काढा. बाराव्या पडद्यापाशीं तारेची जवळजवळ निम्मी लांबी उरते काय, तें पाहा.

२. कॅम्प-युकुलेली व बँजो-युकुलेली ह्यांतील साम्य व भेद सांगा.

३. खांचा उथळ असल्यास पहिल्या पडद्यावरील स्वर चढा कां निघतो?

४. आपल्या घरीं असलेल्या कोणत्याहि तंतुवाद्याची वरीलप्रमाणें परीक्षा घ्या व काय आढळलें तें वहींत लिहून वर्गांत वाचून दाखवा.